इकडचा मिक्सर तिकडे, तिकडचा कुकर इकडे: व्होल्टेजच्या तक्रारी कशा तपासायच्या

ठाण्याच्या नौपाड्यात माझं घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. वर्षातून दोनदा एकाच तक्रारीची लाट येते. डिसेंबरात परदेशातली मुलं सुट्टीला घरी येतात, बॅगेतून विजेवरचा कुकर, हेअर ड्रायर, कॉफी मशीन निघतं, आणि आठवड्याभरात त्यातलं काहीतरी माझ्या टेबलावर येतं. मग एप्रिल-मेमध्ये आजी-आजोबा परदेशी लेकीच्या बाळंतपणाला निघतात, साड्यांमध्ये गुंडाळून मिक्सर नेतात, आणि जूनमध्ये तिकडून व्हिडिओ कॉल येतो. दोन्हीकडे मूळ कारण एकच असतं: यंत्र ज्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, विजेसाठी बनवलं, तो दाब त्याला मिळत नाही. तपासणीचा क्रम इतक्या वेळा तोंडी सांगून झालाय की आता लिहूनच काढतो.

आधी लक्षणं. तुमची तक्रार यात कुठे बसते ते बघा.

बाहेरून इथे आणलेली वस्तू:

- लावल्या क्षणी फट् असा आवाज, जळका वास, त्यानंतर काहीच नाही. कधी घरातला एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, तोही पडतो.
- ड्रायर किंवा मिक्सर नेहमीपेक्षा किंचाळत फिरला, आतून निळ्या ठिणग्या दिसल्या, मग धूर.
- चालतं सगळं, पण त्यातलं घड्याळ दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं.
- दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावलाय, तरीही यंत्र घुं-घुं करतं आणि हात लाववत नाही इतकं तापतं.

इथून तिकडे नेलेली वस्तू:

- मिक्सर फिरतो पण दम नाही. ओलं खोबरं टाकलं की अडकतो, तळाचं लाल बटण पडतं.
- किटलीत पाणी उकळायला पंधरा मिनिटं. इस्त्री कोमट.
- इंडक्शन शेगडी एरर दाखवून बीप-बीप करते.
- मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र मजेत चालतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, वीज तर ठीक आहे, मिक्सरच खराब निघाला.

मिक्सर बहुतेक वेळा धडधाकट असतो.

पहिलं काम: पाटी वाचा

याला एक पैसा लागत नाही आणि दहातल्या आठ तक्रारींचं उत्तर इथेच मिळतं. प्रत्येक यंत्राच्या तळाला, पाठीवर किंवा चार्जरच्या अंगावर माहितीची पाटी असते. मिक्सरची पाटी तळाला, रबरी पायांच्या मधोमध. तिच्यावर वर्षानुवर्षांच्या चटणीचा आणि पिठाचा थर बसलेला असतो. पिन काढा, जार बाजूला ठेवा, मिक्सर पालथा घाला आणि ओलसर फडक्याने पुसा. काळ्या प्लास्टिकवर काळीच उठावाची अक्षरं असली तर समोरून काही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका, पाटीला जवळजवळ टेकवून धरा. अक्षरांची सावली पडते आणि आकडे वाचता येतात. फोटो काढून मोठा करून बघा.

चार्जरवर इनपुट आणि आउटपुट असे दोन आकडे असतात. आपल्याला हवं ते इनपुट. एका काकांनी लॅपटॉपच्या चार्जरवरचं आउटपुट वाचलं, १९ व्होल्ट, आणि घाबरून चार दिवस लॅपटॉप लावलाच नाही. त्याच पाटीवर वरच्या ओळीत इनपुट १००-२४० लिहिलेलं होतं.

आता आकड्यांचा अर्थ. १००-२४० आणि पुढे ५०/६० हर्ट्झ (विजेची लाट सेकंदाला किती वेळा वर-खाली होते तो आकडा) असेल तर ते यंत्र जगात कुठेही चालेल, फक्त पिन जुळवायची. नुसतं १२० किंवा ११० लिहिलं असेल तर ते इथल्या सॉकेटला थेट लावायचंच नाही. १२०/२४० अशी तिरकी रेघ असेल तर दाब बदलायचं बटण कुठेतरी असण्याची शक्यता आहे. त्याबद्दल पुढे सांगतो. आणि २२०-२४० लिहिलेलं पाहून फसू नका. मध्ये रेघ आहे म्हणून लोकांना वाटतं, हे सगळीकडे चालणारं आहे. ते फक्त आपल्यासारख्या दाबाच्या देशांसाठीच असतं.

पाटीवर इतका जोर का, ते एका हिशोबाने सांगतो. तापणाऱ्या कॉइलची ताकद दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात बदलते. १२० व्होल्टचा १,००० वॉटचा कुकर आपल्या २३० वर लावला तर दाब दुप्पटही होत नाही, पण ताकद जवळपास ३,६७० वॉट होते, म्हणजे पावणेचारपटीच्या आसपास. जपानचा १०० व्होल्टचा राइस कुकर असेल तर पाचपटीहून जास्त. ज्या वायरीतून आठ अँपिअर जायचे तिच्यातून सोळा जातात. उलट बाजूला इथली १,५०० वॉटची किटली १२० वर लावली की जेमतेम ४०० वॉट देते. म्हणून तिकडे नेलेली वस्तू लंगडत चालते, पण इकडे आणलेली जळते. आणलेल्या वस्तूच्या बाबतीत 'एकदा लावून तर बघू' हा प्रयोग कधीही करू नका.

दुसरं: देश कोणता

ठाणे-नवी मुंबईत घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिका आणि कॅनडा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मेक्सिको १२७, तैवान ११०. जपान १०० व्होल्ट, त्यातही टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. दक्षिण कोरियात दाब आपल्यासारखाच, २२०, पण ६० हर्ट्झ. ब्राझीलमध्ये गावागणिक दाब वेगळा, तिथे घरमालकालाच विचारायचं.

ब्रिटन, युरोप, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया या सगळ्या ठिकाणी दाब आपल्याच आसपास आहे आणि ५० हर्ट्झ आहे. तेव्हा लंडनहून कोणी सांगितलं की मिक्सर बंद पडला, तर मी व्होल्टेजचा विचार बाजूला ठेवतो आणि आधी पिनेतला फ्यूज बघायला सांगतो. ब्रिटिश पिनेच्या पोटात छोटा फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. ३ चा फ्यूज असलेल्या पिनेवर इस्त्री लावली की तो जाणारच. फ्यूज बदलला की काम झालं, पण इस्त्रीला १३ चाच घाला.

आपल्या गोल पिनाही मुळात ब्रिटनच्याच. त्यांनी १९४७ मध्ये चौकोनी पिना आणि आतला फ्यूज स्वीकारला, आपण जुन्या पद्धतीवर राहिलो. म्हणून दाब सारखा असूनही पिन बसत नाही.

तिसरं: मध्ये काय लावलंय

'दादा, ॲडॉप्टर लावला होता हो!' दुकानात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. म्हणून पुन्हा सांगतो: दीड-दोनशे रुपयांचा ट्रॅव्हल ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. त्याच्या आत पितळी पट्ट्यांशिवाय काही नसतं. सॉकेटमध्ये २३० असतील तर पुढेही २३० च जाणार.

स्टॅबिलायझरचंही तसंच. तो २३० वर-खाली होतं ते सावरतो. २३० चे १२० करणं हे त्याचं कामच नाही.

अमेरिकेतून आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल तर फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ऐरोलीचं एक जोडपं दोन लॅपटॉप, दोन फोन आणि तिकडचा सहा सॉकेटचा स्पाइक गार्ड घेऊन आलं. चारही चार्जर १००-२४० चे, अगदी निर्धोक. त्यांनी विचार केला, बोर्डाला एकच ॲडॉप्टर लावू, बाकी सगळं त्यातच लागेल. बटण दाबलं आणि बोर्डातून ज्वाळ निघाली. चार्जर वाचले, बोर्ड वितळला, गालिच्याला भोक पडलं. त्या बोर्डात निळ्या टिकलीसारखा एक भाग असतो, त्याला वेरिस्टर म्हणतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो वीज स्वतःतून वाहू देतो आणि पुढची वस्तू वाचवतो. १२० व्होल्टच्या घरासाठी निवडलेल्या त्या टिकलीला आपले २३० म्हणजे न थांबणारा झटका. ती तापते, फुटते, पेट घेते. तिकडचे बोर्ड तिकडेच ठेवा. इथला साधा बोर्ड घ्या आणि प्रत्येक चार्जरला वेगळा ॲडॉप्टर लावा.

हलके 'कन्व्हर्टर' हा आणखी एक प्रकार. मुठीत मावेल एवढा डबा आणि वर लिहिलेलं असतं १,६०० वॉट. हे डबे विजेची लाट कापून सरासरी दाब कमी करतात. साध्या कॉइलच्या इस्त्रीला किंवा जुन्या पद्धतीच्या ड्रायरला थोडा वेळ चालतात. आत सर्किट बोर्ड, डिस्प्ले किंवा मोटर असेल त्याला लावायचे नाहीत. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर लावून दाब कमी करणारेही मला भेटलेत. ते कृपा करून करू नका. त्याने आग लागते.

चौथं: दाब बदलायचं बटण

प्रवासी हेअर ड्रायरच्या दांड्यावर एक बारीक खाच असते, तिच्यात नाणं घालून फिरवायचं. एका बाजूला १२५, दुसऱ्या बाजूला २५०. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मागे, पंख्याच्या शेजारी, लाल सरकतं बटण असतं: ११५ आणि २३०. ते ११५ वर ठेवून इथे लावलं की आतला वेरिस्टर किंवा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फटाक्यासारखा फुटतो. बटण नेहमी पिन काढूनच फिरवायचं, आणि परत जाताना आठवणीने उलटं करायचं. काही हेअर स्ट्रेटनर बटणाशिवाय दोन्हीकडे चालतात, पण ते पाटीवर लिहिलेलं असेल तरच.

इलेक्ट्रिक टूथब्रशच्या चार्जिंगच्या बुडख्याकडे कोणी बघत नाही. इतका छोटा, त्याला काय होणार, असं वाटतं. अमेरिकेत घेतलेले कित्येक ब्रश ११०-१३० चेच असतात.

पाचवं: ट्रान्सफॉर्मर घ्यावा का

इथून पुढे पैसे लागतात, म्हणून आधी वस्तू कोणत्या जातीची आहे ते ठरवा.

नुसती तापणारी वस्तू, म्हणजे किटली, इस्त्री, टोस्टर. ही खूप वॉट खाते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरही अवजड लागतो. माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नका, आणू नका, जिथे राहणार तिथे विकत घ्या. १,००० वॉटच्या अमेरिकन कुकरसाठी मी १,५०० व्हीएच्या (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती भार झेलेल त्याचं माप) खालचा ट्रान्सफॉर्मर सुचवत नाही. तो कित्येक किलोचा असतो, ओट्यावर कुकरएवढीच जागा अडवतो आणि किंमतीत इथला नवा कुकर येतो.

मोटर आणि कार्बन ब्रश असलेली वस्तू, म्हणजे आपला मिक्सर. याला ५० की ६० हर्ट्झ याने फारसा फरक पडत नाही, दाब तेवढा बरोबर हवा. अमेरिकेत १२० वर तो निम्म्याच्या आसपास वेगाने फिरतो. मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, त्यामुळे तोही मंदावतो, आणि वाटण अडकलं की कॉइल तापत जाते. लाल बटण पडतं ते मोटर वाचवण्यासाठीच. पाच-सहा वेळा दाबून पुन्हापुन्हा चालवलं तर मोटर जाणार. तिकडे स्टेप-अप, म्हणजे दाब वाढवणारा, ट्रान्सफॉर्मर लावता येतो. मोटर सुरू होताना जास्त प्रवाह ओढते, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला १,५०० व्हीएचा घ्यायचा, दुप्पट. पण काकू, तुम्ही सहा महिन्यांसाठी चालला असाल आणि लेक तिकडेच राहणार असेल, तर त्यापेक्षा ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घ्या. आपल्याकडच्या कंपन्या खास अमेरिकेसाठी ते बनवतात, जार आणि पाती आपलीच. चटणी, डोसा, भाजणी सगळं होतं आणि तो तिकडेच ठेवून येता येतो.

तिसरी जात हर्ट्झवर अवलंबून असलेली: मायक्रोवेव्ह, फ्रिज, वेट ग्राइंडर, जुनी प्लगची घड्याळं, काही रेकॉर्ड प्लेयर. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० साठीची मोटर ५० वर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते; घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं ते यामुळेच. मायक्रोवेव्हच्या आतला मोठा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि घुमतो. लक्षणांमध्ये लिहिलेली घुं-घुं तीच. दुकानदाराने कितीही मोठा ट्रान्सफॉर्मर विकला तरी ती थांबणार नाही. तो मायक्रोवेव्ह वापरू नका.

ट्रान्सफॉर्मर घ्यायचाच असेल तर मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोडला मिळतो. तांब्याच्या वाइंडिंगचा मागा, फ्यूज आहे का बघा, अर्थिंगची तिसरी पिन पुढच्या सॉकेटपर्यंत पोहोचते का विचारा. मागे ११०/२२० चं बटण असेल तर घरी आल्यावर पहिल्यांदा तेच तपासा. स्टेप-अप करायला ११० वर ठेवलेलं बटण तसंच राहिलं आणि तुम्ही इथल्या सॉकेटला लावलं, तर पुढे ४०० च्या वर दाब जाऊ शकतो. दुकानातच मल्टिमीटरने आउटपुट मोजून घ्या. काम झालं की बंद करा. रिकामा चालू ठेवला तरी तो तापतच राहतो.

सहावं: जळून गेलंच असेल तर

हे मल्टिमीटर वापरता येणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी थेट शेवटच्या भागाकडे जावं.

सॉकेटमधून पिन काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. पाटी पुसली गेली असेल तर साध्या कॉइलच्या वस्तूचा देश असाच ओळखतो: १,००० वॉटची कॉइल १४ ओहमच्या आसपास दाखवली तर ती १२० ची, ५३ च्या आसपास दाखवली तर आपली. काहीच दाखवलं नाही तर फ्यूज उडालाय किंवा कॉइल तुटलीय.

माझ्याकडे कुकर आला की मी आधी आतला सर्किट बोर्ड काढतो. बहुतेक वेळा निळी टिकली दोन तुकडे झालेली असते, आजूबाजूला काजळी पसरलेली असते आणि शेजारचा फ्यूज काळा पडलेला असतो. टिकली स्वतः शॉर्ट झाली, फ्यूज उडाला आणि मागचा बोर्ड वाचला. या दोन भागांना फार पैसे पडत नाहीत. ते बदलून मी यंत्र १०० वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब पूर्ण पेटला तर आत अजून शॉर्ट आहे, मंद लुकलुकला तर पुढे जायला हरकत नाही. मगच योग्य दाब देतो. छोट्या ट्रान्सफॉर्मरची वस्तू असेल तर त्याच्या पिवळ्या टेपखाली थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा) लपलेला असतो. तो गेला म्हणजे वाइंडिंग बराच वेळ तापलं होतं. तिथे थर्मल फ्यूज वगळून नुसती वायर जोडून देणारा कारागीर असेल तर त्याच्याकडून वस्तू परत घ्या.

इथे थांबा, माणूस बोलवा

मायक्रोवेव्ह घरी उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहू शकते.

धूर आला, प्लास्टिक वितळलं, पिन काळी पडली किंवा धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन बंद करा आणि ती वस्तू पुन्हा लावू नका. एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) दुसऱ्यांदा पडला तर तिसऱ्यांदा वर करू नका. सॉकेटच तापलं असेल तर बिघाड भिंतीतल्या वायरीपर्यंत गेलाय. त्याला परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो. अमेरिकेत कपडे वाळवायच्या ड्रायरसाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन असते, तिच्यावर आपला मिक्सर चालेल का, असं बरेच जण विचारतात. तिथली पिन कापून स्वतः जोडाजोड करू नका, तिथला परवानाधारक माणूस बोलवा. हर्ट्झ मात्र तिथेही ६० च राहणार.

औषधोपचाराचं यंत्र असेल तर प्रयोग अजिबात नाही. गेल्या वर्षी रात्री साडेअकराला न्यू जर्सीहून फोन आला. आजोबांचा दमा वाढला होता आणि इथून नेलेल्या नेब्युलायझरमधून वाफ येत नव्हती. मी पाटी दाखवायला सांगितली: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मुलगा म्हणाला, आत्ताच्या आत्ता ट्रान्सफॉर्मर मागवतो. मी म्हटलं, नको. आधी डॉक्टरांना फोन कर, आणि जवळच्या औषधाच्या दुकानातून तिकडचा नेब्युलायझर घेऊन ये. दोन तासांनी आजींचा मेसेज आला, आता झोप लागलीय. झोपेत श्वासासाठी लावायची सीपॅपची यंत्रं बहुधा १००-२४० ची असतात, तरी निघण्यापूर्वी पाटी बघा आणि ज्याने यंत्र दिलं त्याला विचारा.

दुरुस्तीला आणताना फक्त यंत्र आणू नका. जी वायर, जो ॲडॉप्टर, जो बोर्ड लावला होता ते सगळं एका पिशवीत घाला. कोणत्या खोलीतल्या सॉकेटला लावलं होतं आणि त्यानंतर त्या सॉकेटला दुसरं काही चालतंय का, हेही सांगा. आणि आणण्याआधी 'बघू चालतंय का' म्हणून पुन्हा एकदा लावू नका. पहिल्या वेळी फ्यूजने वाचवलेले बोर्ड दुसऱ्या वेळी जळालेले मी बरेच पाहिलेत.